हायवेला उतरायचं की नाही

मामा,

गेल्या आठवड्यात घाटावर माइकवरून तुमच्याबद्दल जे जे बोललं गेलं, ते ऐकलं असतंत तर तुम्ही मधेच उठून चहाला गेला असता. दशक्रियेला आपल्याकडं बोलणाऱ्यांना काय तोटा? सोसायटीचे आले, कारखान्याचे आले, पुढच्या निवडणुकीला उभं राहायचंय असे तर सगळ्यांच्या आधी आले. प्रत्येकानं उपरणं सावरलं, घसा साफ केला, 'तालुक्याचा आधारवड कोसळला' असं सांगितलं आणि गाडीत बसून पुढच्या दशक्रियेला निघून गेला. एकानं तर तुमच्या जागी आप्पांचंच नाव घेतलं. तुमचे धाकटे भाऊ समोरच बसले होते. दचकलेच बिचारे.

सायकलीचा विषय मात्र कुणीच काढला नाही. अर्ध्या शिरूरनं तुम्हाला गेली काही वर्षं सायकलीशिवाय बघितलेलं नाही. पुढं दांडीवर नातू, मागं कॅरिअरवर नात, मधे तुम्ही, डोक्याला पांढरी टोपी. ते सोडून बाकी सगळं बोलले. म्हणून मीच बोलते. मी तुमची सून. तुमचं कौतुक करायची मला सवय नाही, भांडायची आहे. तेव्हा भांडणच पुढं चालू ठेवते, ते मला सोपं जाईल.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. घर हायवेच्या अलीकडं, शाळा पलीकडं. बायपास झाला तेव्हा सगळे म्हणाले, आता गावातला रस्ता मोकळा झाला. कसला मोकळा! गाड्या बाहेरून जायला लागल्या तेवढ्याच आत नवीन आल्या. रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या, एसटी, टेम्पो, मोबाइलवर बोलत चाललेली बुलेटवरची पोरं. त्यात उसाचे दिवस असले की विचारायलाच नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वर कर्णा लावून गाणी, ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही आणि दुसरी ट्रॉली कुठं झुकली तेही दिसत नाही. त्या सगळ्यामधून तुम्ही माझी दोन पोरं सायकलीवरून पलीकडं न्यायचात. उतरून नाही. चालवत.

मी म्हणायचे, "मामा, हायवेला उतरा. ढकलत न्या. एवढंच म्हणतेय."

तुम्ही म्हणायचात, "मी काय नवरदेव हाय व्हय, जागोजागी उतरायला?"

की आत्या नवऱ्याच्या विनोदाला हसायच्या, संतोष हसायचा, पोरं तर काय, हसायला टपलेलीच. माझा नवरा माझ्या बाजूनं कधी बोलला नाही, हे आता तुमच्यासमोर सांगून टाकते. तुमच्या समोर बोलायची त्याची टाप नव्हती आणि तुमच्या मागं बोलायला तो घरी नसायचा.

तुमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. सायकलीवर चढायची तुमची एक पद्धत होती, ती सगळ्या गल्लीला पाठ होती. आधी सायकल ओट्याला लावायची. ओट्यावर एक पाय ठेवून तुम्ही सीटवर बसायचात. मग आत्या, नाहीतर घरी असले तर मी, शौर्यला उचलून पुढच्या छोट्या सीटवर ठेवायचो. मग ईश्वरी ओट्यावरून आपली आपण कॅरिअरवर जायची, दोन्हीकडं पाय टाकून. मग तुम्ही मागं न बघता विचारायचात, "टाचा?" आणि दोघं एकदम ओरडायची, "बाहेर!" टाचा आत गेल्या की चाकाच्या तारांत पाय जातो, म्हणून. तिकडं शाळेच्या फाटकात वॉचमन एकेकाला उतरवून घ्यायचा. ओटा इकडं, वॉचमन तिकडं. मधे कुठंही उतरलं की परत चढायची सोय नाही. मागं पोर बसलेलं, त्यामुळं टांग टाकता येत नाही, आणि ईश्वरीला खाली उतरवलं तर तिला परत वर चढवणार कोण?

"मधीच उतारलो तर परत चढवायला कुणाला बोलवू? कलेक्टरला?" असं तुम्ही विचारायचात.

"मग व्हॅन लावा."

"व्हॅनमधी पोरं मेथीच्या जुड्यावानी कोंबत्यात. त्यास्नी गाव कवा दिसायचं?"

आणि हेही खरंच होतं, मामा. तुमच्या सायकलीवरून माझ्या पोरांना गाव दिसलं. कुठल्या दुकानाच्या जागी पूर्वी काय होतं, कुठल्या झाडावर घार बसते, कुठला म्हातारा रोज उन्हाला बसतो आणि आज का बसला नाही, हे ईश्वरी मला संध्याकाळी सांगायची. मला लग्न होऊन इथं इतकी वर्षं झाली, मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला कंपनीची बस माहीत, बसथांबा माहीत आणि घर माहीत.

ती कंपनीची बसही तुमच्यामुळंच. हे मी तुम्हाला कधी नीट म्हटलं नाही, कारण आपल्यात तसं म्हणायची पद्धत नाही. कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटमधली नोकरी लागली तेव्हा शौर्य अंगावर पीत होता. संतोष म्हणाला, बघू. 'बघू' म्हणजे नाही, हे आपल्या घरात लहान पोरालाही कळतं. तुम्ही ताटावरून उठता उठता म्हणालात, "तू जा. पोरं माज्याकडं." संपलं. त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाऊन जुन्या सायकलीला नवं कॅरिअर बसवून आणलंत आणि दांडीला ती छोटी सीट. शौर्यला मान धरता येत होती, पण शाळेला अजून किती वेळ! तरी सीट आधीच आणून ठेवलीत. मी म्हटलं, एवढी घाई कशाला. तुम्ही म्हणालात, "पोर वाढायला काय टाइम लागतोय?"

तर असे उपकार एकीकडं आणि हायवे एकीकडं. उपकार आहेत म्हणून मी हायवे सोडणार नव्हते.

का सोडणार नव्हते, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही मला म्हणायचात, "तू तर वरवंडची. सोलापूर रोड बघत वाढल्याली. तुला कसली भीती?" म्हणूनच भीती, मामा. मीही सायकल शिकले ती वडिलांच्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून, कैची मारत. शाळेत आम्ही पाच-सहा मुली सायकलीनं जायचो. त्यातली एक दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडत होती. टँकर आला. मी तिच्या मागं होते. तिची सायकल बाजूला पडली होती आणि तिचं चाक बराच वेळ फिरत राहिलं होतं. मी हे कुणाला सांगत नाही. संतोषलाही अर्धंच माहीत आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं, हे मला माहीत होतं. पण ते सांगून तुम्हाला ऐकायला लावायचं माझ्या जिवावर यायचं. मला वाटायचं, रस्ता समोर दिसतोय, ट्रॅक्टर दिसतोय, मग या माणसाला नुसतं 'उतरा' म्हटल्यावर का कळू नये?

एकदा आमची बस बिघडली म्हणून उशिरा सुटली. हायवेवर गर्दीत अडकली होती. मी खिडकीत. आणि तुम्ही तिघं आलात. तुम्ही काहीतरी सांगत होता, दोघं हसत होती. शौर्य मान मागं टाकून, तुमच्या छातीला डोकं लावून हसत होता. चित्र काढावं असं. तेवढ्यात उसाची ट्रॉली तुमच्या बाजूनं गेली. किती बाजूनं ते सांगत नाही, तुम्ही म्हणाल, 'लांब हुती की.' मी बसमध्ये उभी राहिले. शेजारची विचारायला लागली, काय झालं? मी 'काही नाही' म्हटलं आणि बसले.

त्या संध्याकाळी मी पुन्हा तोच विषय काढला. तुम्ही पुन्हा नवरदेव काढलात. सगळे हसले. मी आत जाऊन भाकरी थापायला लागले आणि मला रडू आलं. तुम्ही पाण्याला आत आलात. बघितलंत. "काय गं? कांदा चिरती व्हय?" म्हणालात. कांदा कुठंच नव्हता. मी म्हटलं, "व्हय." तुम्ही पाणी न भरताच तांब्या घेऊन बाहेर गेलात. ईश्वरी तिथंच अभ्यासाला बसली होती.

त्यानंतर मी तो विषय सोडला. पटला म्हणून नव्हे. थकले म्हणून. सकाळी तुम्ही निघायच्या आधीच मी बस पकडायची आणि शाळा भरली असेल अशा वेळेपर्यंत मोबाइल हातात धरून बसायची. फोन आला नाही म्हणजे पोचले. रोज.

मग एका दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. इतकं साधं. तुम्हाला उशिरा उठल्याबद्दल आत्या ओरडायला गेल्या, तेव्हा कळलं. सकाळी पोरं शाळेत सोडून आला होतात. लोकांनी लगेच सुरू केलं, या वयात दोन पोरं ओढायची म्हणजे काय खायचं काम आहे, सायकलीनंच घात केला. डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं, हृदयच थकलं होतं, बसून राहिले असते तरी हेच झालं असतं. मी डॉक्टरांचं धरलं.

आणि मामा, सुतकातच व्हॅन आली. संतोषनं फोन करून ठरवून टाकली. मला जे इतके दिवस हवं होतं ते एका फोनवर झालं. पिवळी, जाळीची, दाराला कडी असलेली व्हॅन आपल्या दारात उभी राहिली आणि शौर्य ओट्यावर बसून राहिला. रडला नाही, हट्ट नाही, नुसता बसून राहिला. "आजोबा टोपी घालतायत," असं त्यानं व्हॅनवाल्याला सांगितलं. व्हॅनवाला चांगला माणूस, त्यानं इंजिन बंद केलं. मी शौर्यला उचलून आत ठेवलं आणि कडी लावली. भांडण मी जिंकले होते. पण असं नव्हतं हो जिंकायचं मला. तुम्ही समोर बसलेले, चिडलेले, 'बरं बाई, तुझंच खरं' म्हणत टोपी आपटलेली, असं जिंकायचं होतं.

आता घाटावरचं सांगते. कावळा शिवेना. शिवेल कसा? नदीच्या काठाला त्या सकाळी चार ठिकाणी पिंडं मांडलेली, कावळ्यांची पोटं भरलेली. बाभळीवर बसून ते आपल्याकडं असे बघत होते, की आता नको, नंतर बघू. पण लोक कुठले ऐकतायत! दादांचं, म्हणजे तुमचं, कशात तरी मन अडकलंय, म्हणून एकेकाला पुढं काढलं. आप्पा हात जोडून म्हणाले, "दादा, निमोण्याच्या रानातल्या हिरीचं काम तुझ्या मनासारखं करतो." कावळा ढिम्म. संतोष म्हणाला, "आबा, आईला काही कमी पडू देणार नाही." कावळ्यानं पंख खाजवला. कुणी बांधाचा वाद मिटवला, कुणी तंबाखू सोडली. शेवटी आप्पा माझ्याकडं वळले.

"सूनबाई, तू बोल. रोजचं भांडाण तर तुझ्याशीच हुतं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे. पण मी पुढं गेले, हात जोडले आणि माझ्या तोंडून निघालं, "मामा, पोरं सायकलीवरूनच शाळेत जातील. मी नेईन." आणि मग राहवेना, म्हणून पुढं म्हटलं, "पण हायवेला उतरून."

"अगं, आता तरी सोड की त्याला!" आप्पा म्हणाले.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. घाटावर, पिंडासमोर. तुम्हाला आवडलं असतं. तेवढ्यात कुठलेसे साहेब आले म्हणून सगळे तिकडं वळले, खुर्ची आणा, माइक द्या. परत बघतात तर पिंडावरचा भात विस्कटलेला आणि कावळा उडालेला. कुणाच्या बोलण्यावर शिवला, ते कुणी बघितलंच नाही. त्यामुळं आप्पांना वाटतं विहिरीला शिवला, संतोषला वाटतं आईला शिवला. तंबाखूवाला आता अडकलाय. मी काही म्हणत नाही.

पण शब्द तर गेला होता, तोही सगळ्या भावकीसमोर. मी कंपनीत उशिरा सुरू होणारी जनरल शिफ्ट मागून घेतली. संतोष म्हणाला, "तुला वेड लागलंय का? तूच तर व्हॅन व्हॅन करत होतीस." मी म्हटलं, व्हय.

इथपर्यंत रविवारी लिहून ठेवलं होतं. शेवट सुचत नव्हता, म्हणून वही मिटली. आज सोमवार. आज आम्ही गेलो.

सायकल संतोषनं पुसून, हवा भरून ठेवली होती. न सांगता. ओट्याला लावली, मी बसले. तुमची सीट मला उंच पडते, पायाचा अंगठाच टेकतो. आत्यांनी शौर्यला पुढं ठेवलं. ईश्वरी मागं आली. गल्लीच्या तोंडापर्यंत मी इतकी वाकडीतिकडी चालवली की समोरून येणाऱ्या दूधवाल्यानं गाडी बंद करून बाजूला घेतली. मग जमलं. मला बोलायला दमच नव्हता.

हायवे आला. मी ब्रेक दाबला, अंगठा टेकवला, आता उतरणार, तेवढ्यात ईश्वरी मागून म्हणाली, "आई, इथं नाही. पुढं त्या खांबापाशी. आजोबा खांबापाशी उतरतात."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आजोबा उतरत नव्हते," मी म्हटलं.

"उतरतात. खांबाला सायकल टेकवतात, मला खाली घेतात, स्वतः उतरतात, मग मला परत वर बसवतात. मग आपण रस्ता क्रॉस करायचा."

"कधीपासून?"

"तू भाकरी करताना रडलीस ना, तेव्हापासून."

मागून एसटी हॉर्न वाजवत होती. मी खांबापर्यंत गेले. सायकल टेकवली, ईश्वरीला खाली घेतलं, उतरले, तिला वर बसवलं.

"मला का नाही सांगितलंत?"

शौर्य पुढून म्हणाला, "आजोबा म्हणले, आईला सांगू नगा. न्हाईतर ती म्हणंल, आता सायकलच सोडा."

हे मात्र मी म्हणाले असते, मामा. शंभर टक्के म्हणाले असते.

ट्रॅक्टर जाऊ दिला, त्याच्या मागची दुसरी ट्रॉली जाऊ दिली आणि आम्ही ओलांडलं. पलीकडं गेल्यावर मी थांबले. ओटा नाही, वॉचमन नाही, आत्या नाहीत. आता चढायचं कसं? मी ईश्वरीलाच विचारलं, "इथं आजोबा परत कसे चढायचे?"

तिला तो प्रश्नच कळला नाही. "चढत नाहीत," ती म्हणाली. "शाळेपर्यंत ढकलत नेतात. आम्ही वर बसतो."

शाळा तिथून जवळ नाही, मामा. सगळी बाजारपेठ जाते मधे, त्यात चढ आहे. डॉक्टर काय म्हणाले होते, ते मी तिथं उभी राहून मनातल्या मनात परत एकदा म्हटलं. मग हँडल धरलं आणि ढकलायला लागले. तुमची पोरं जड आहेत. लोक बघत होते. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळं डोळे पुसता येईनात, तशीच चालले. रोज सकाळी मी बसमध्ये फोन हातात धरून जीव मुठीत घेऊन बसायची, आणि तुम्ही इकडं माझंच ऐकून या चढावर सायकल ढकलत असायचात. संध्याकाळी मी विषय काढला नाही तरी आपणच नवरदेव काढून सगळ्यांना हसवायचात.

एकदा तरी सांगायचं होतं, मामा. मी सायकल सोडायला लावली नसती. लावली असती, पण तुम्ही ऐकलं नसतंत, आणि आपण भांडलो असतो.